बॅटरी उतरवताना

शूटिंगवाल्याचा बायकोपेक्षा बॅटरीवर जास्त जीव आहे, असं कोणी तोंडावर म्हटलं तरी त्याला राग यायचा नाही, उलट तो खूश व्हायचा. लग्नांचं व्हिडिओ शूटिंग हा त्याचा धंदा. बॅटऱ्या कपाटाच्या वरच्या खणात, मऊ फडक्यात गुंडाळलेल्या, तोंडाला टोपी लावलेल्या. उन्हात ठेवायची नाही, चार्जरवरून काढली की आधी गार होऊ द्यायची, शूटिंग नसलं तरी अधूनमधून वापरायची. थंडीत तो बॅटरी बनियनच्या आत घालून झोपायचा, आणि सातवा महिना लागलेली त्याची बायको शेजारी पाय पोटाशी घेऊन कुडकुडत पडायची. फोन अजून भिंतीवरच होते तेव्हाची ही गोष्ट.

बायकोचे वडील, आप्पा, जन्मभर बसस्टँडवर गाड्या पुकारत आले. अख्ख्या गावाला त्यांचा चेहरा माहीत नव्हता, पण आवाज सगळ्यांना पाठ होता. त्याच घशात गाठ निघाली. उद्या ऑपरेशन, आणि डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं होतं: जीव राहील, आवाज जाईल. संध्याकाळी लेकीच्या घरूनच आप्पांना दवाखान्यात न्यायचं होतं. हातात होती ती एवढी एक दुपार.

तिला एकच गोष्ट हवी होती. येणाऱ्या बाळाला आजोबांचा आवाज ऐकवायचा होता. घरातला टेपरेकॉर्डर नुसता गाणी वाजवणारा, त्यात काही भरता येत नव्हतं. उरला नवऱ्याचा कॅमेरा.

"अहो, आप्पांचं थोडं शूटिंग करता का?" तिनं विचारलं. "तुमच्याकडे कधी काही मागितलंय का मी?"

"बॅटरी अर्धी आहे," तो म्हणाला. "अर्धी बॅटरी चार्जिंगला लावत नाहीत, अर्धीचीच सवय लागते तिला. आधी पूर्ण उतरवायला लागेल."

हे तिला नवीन नव्हतं. लग्न झाल्यापासून ती पाहत होती. बॅटरी उतरवायची म्हणजे कॅमेरा नुसता चालू करून ठेवायचा आणि हा बाप्या समोर बसून राहायचा. दोन महिन्यांपूर्वी नवा कॅमेरा आला, नव्या जातीची बॅटरी आली, तरी नेम तोच असणार, असं तिनं धरलं.

"मग आप्पांच्या समोरच उतरवा की," ती म्हणाली. "उतरेपर्यंत ते बोलतील."

त्यानं तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. "चालेल," म्हणाला, आणि चक्क हसला. तिला तर आनंदानं काही सुचेना. नवरा कधी नव्हे तो एका शब्दात ऐकतोय म्हटल्यावर शंका कुणाला येणार?

त्यानं स्टँड लावला, कॅमेरा चढवला, बाजूचा पडदा उघडून आप्पांकडे फिरवला. त्यात स्वतःचं तोंड दिसल्यावर म्हाताऱ्यानं केसांवरून हात फिरवला, सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे," आप्पांनी सुरुवात केली. आवाज घासत होता, पण ढब तीच. "दोन महिन्यांनी येणारी गाडी वेळेवर येत आहे. गाडीतल्या छोट्या पाहुण्यानं घाबरू नये, त्याची आई स्टँडवर उभी आहे." मग ते बाळाशी बोलत राहिले. त्याच्या आईनं लहानपणी भोंग्यात तोंड घालून स्वतःचंच नाव कसं पुकारलं होतं ते सांगितलं. मध्येच खोकला आला, रुमाल लाल झाला. ती पुढे झाली तर हातानंच थांबवलं.

"आणि तुझ्या बाबांची मला माफी मागायची आहे," आप्पा म्हणाले. "लग्नाआधी हे तुझ्या आईला बघायला स्टँडवर घिरट्या घालायचे. एकदा मी भोंग्यावरून पुकारलं, तीन नंबर फलाटावर उभे असलेले कॅमेरावाले, तुमची गाडी इथे लागत नाही, घरी जा. सगळा स्टँड हसला. पुढे चारचौघांत मीच तो किस्सा रंगवून सांगत राहिलो. चुकलं माझं, जावईबुवा."

शूटिंगवाला कॅमेऱ्यामागे मान खाली घालून उभा होता. ती रडत होती. थोड्या वेळानं पडदा काळा झाला. "उतरली," तो म्हणाला.

ऑपरेशन झालं. दोन आठवड्यांनी आप्पा लेकीच्या घरी परत आले ते गळ्याला पट्टी आणि हातात लिहायची पाटी घेऊन. त्यांना जरा बरं वाटावं म्हणून ती नवऱ्याला म्हणाली, "ते शूटिंग लावता का?"

"कसलं शूटिंग? कॅसेट कुठे होती आत?"

तिला वाटलं, हा थट्टा करतोय.

"कॅसेट आत असली की नुसता चालू ठेवलेला कॅमेरा पाच मिनिटांत आपोआप बंद होतो. मग बॅटरी उतरणार कशी? म्हणून काढून ठेवली. बॅटरी उतरवतोय असंच सांगितलं होतं मी. तू विचारलंस का?"

तरीही मनातल्या मनात ती त्यालाच सांभाळून घेत राहिली. वेडा आहे बॅटरीपायी, दुसरं काही दिसत नाही, असं स्वतःला समजावत राहिली. बायका किती खुळ्या असतात ते याच्यावरून कळावं.

चार दिवसांनी कोपऱ्यावरचा फोटोवाला आला. त्यानं तसलाच कॅमेरा घेतला होता आणि बॅटरीचं विचारायला आला होता. ती चहा घेऊन दारापर्यंत आली.

"जुन्या बॅटऱ्यांचं विसर आता," नवरा सांगत होता. "ही अर्धी असली तरी खुशाल चार्जिंगला लाव. पूर्ण मात्र कधी उतरवू नकोस, वाट लागते तिची. कॅमेरा घेतला त्याच दिवशी दुकानदारानं बजावून सांगितलं होतं मला."

फोटोवाला चहा पिऊन गेला. ती तिथेच उभी होती.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"होतं की."

"बॅटरीची वाट लागेल हेही?"

"लागली ना. आता निम्मीसुद्धा टिकत नाही." त्यानं कपाट लावून घेतलं. "लागू दे. अपमान भोंग्यावरून, सगळ्या गावासमोर. आणि माफी घरात, खुर्चीत बसून? ती कोणी ऐकली?"

"कॅसेट घातली असती तर सगळ्यांनी ऐकली असती," ती म्हणाली. "तुम्हीच घालवलीत."

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं, तोंडावरून दिसत होतं. मग त्यानं दाराकडे पाहिलं. आप्पा भिंतीला धरून उभे होते, सगळं ऐकलेलं होतं, आणि 'चुकलं माझं' म्हणावं तसे नुसते ओठ हलवत होते.

शूटिंगवाल्यानं त्यांच्यासमोर खुर्ची ओढली आणि कानामागे हात धरला.

"पुन्हा म्हणा, आप्पा," तो म्हणाला. "मोठ्यानं."