‘तारी’ला प्रोग्रामर हवा

चोपड्याचा पूल झाला नव्हता तेव्हा गोव्यात शापोरा नदीवर फेरीबोट चालायची. कृष्णनाथ शेटगांवकर त्या फेरीबोटीतून शिवोलीच्या शाळेत जायचा. पुढे विशीतच काचबिंदूने त्याचे दोन्ही डोळे गेले आणि नदी त्याच्यापाशी फक्त आवाजापुरती उरली. आईवडील गेल्यावर तो धाकट्या बहिणीकडे, देवकीकडे, पेडण्याला राहायला आला. देवकी वीजबिलाच्या कार्यालयात कामाला होती. तिने लग्न केलं नव्हतं, आणि आता कोणी विचारतही नव्हतं.

‘तारी’, म्हणजे नावाडी, हा खेळ या दोघांचा आणि प्रज्योत गांवसचा. प्रज्योत डिचोलीचा, एका खाणीच्या कार्यालयात कॉम्प्युटर सांभाळायचा. खाणी बंद झाल्या आणि तो घरी बसला. देवकीच्या मैत्रिणीचा तो भाऊ, म्हणून येणंजाणं होतं. एकदा त्याने कृष्णनाथला विचारलं, “तुका मोबाइलर खेळपाक जाय, तर कसलो खेळ जाय?”

“होडयेचो,” कृष्णनाथ म्हणाला. “धुक्यात होडी व्हरपाची. डोळेवाल्यांकय दिसू नये असा धुका.”

तसाच खेळ झाला. पडद्यावर काहीच नाही, नुसता काळोख. कानात हेडफोन घालायचे आणि मोबाइल हातात डावीउजवीकडे कलवत होडी हाकायची. डाव्या कानात खाजणातले बेडूक, उजव्या कानात पैलतीरावरची घंटा, मध्येच खडकावर फुटणारं पाणी. धक्क्यावरून उतारू हाका मारायचे आणि तारी त्यांना पलीकडे पोचवायचा. आवाज सगळे खरे होते. कृष्णनाथ सांगायचा कुठे उभं राहायचं, आणि देवकी मोबाइल धरून तिथे उभी राहायची.

प्रज्योतने खेळाचा कोड इंटरनेटवर सगळ्यांसाठी उघडा ठेवला. कोणीही घ्यावा, कोणीही सुधारावा, फुकट. धारवाडहून, नागपूरहून अंध मुलं खेळू लागली. ब्राझीलमधल्या एका बाईने तर तिच्याकडच्या नदीचे आवाज पाठवले. त्या वर्षी कृष्णनाथ घरात गुणगुणायचा. हे देवकीने फार वर्षांनी ऐकलं.

मग प्रज्योतला दोह्याला नोकरी लागली. जाताना म्हणाला, “देवकीताय, कोड उघडो आसा. कोणय येवन काम करूंक शकता.” सुरुवातीला त्याचे मेसेज यायचे. तिकडे बारा तासांची पाळी होती, मग मुलगी झाली, मग मेसेज थांबले. देवकीने त्याला दोष दिला नाही.

अडचण आली ती मोबाइलच्या नव्या आवृत्तीमुळे. आवाज किंचित उशिरा येऊ लागला. डोळस माणसाच्या लक्षातही आलं नसतं.

“आवाज मागीर येता गो,” कृष्णनाथ म्हणाला. “होडी आपटता, आनी मग माका कळता, थंय खडक हुतो.”

ठिकठिकाणच्या मुलांनीही तेच कळवलं. देवकीला प्रोग्रामिंग येत नव्हतं. तिने शिकायचा प्रयत्न केला, पण महिनाभर डोकं फोडूनही ती पहिल्या पानापाशीच राहिली. तेव्हा तिने जाहिरात लिहिली: अंधांसाठीच्या खेळाला स्वयंसेवक प्रोग्रामर हवा, मोबदला नाही. ती इंटरनेटवर टाकली, कॉलेजांत लावली, कार्यालयातल्या खिडकीशेजारीही चिकटवली.

एका इंजिनीअरिंग कॉलेजात तिला बोलायला दहा मिनिटं मिळाली. पोरांनी मोबाइल हातात घेतले. एकाने विचारलं, “मॅडम, चित्रं कुठायत?” दुसऱ्याने विचारलं, प्रमाणपत्र मिळेल का. मिळेल म्हटल्यावर त्याने नाव दिलं आणि पुढे फोन उचलला नाही. प्राध्यापक दारापर्यंत सोडायला आले. “पोरांना नोकरीची घाई आहे हो,” ते म्हणाले. “फुकट काम करायला पोट भरलेलं लागतं.”

परदेशातल्या कुणी एकाने कोड उघडून पाहिला, तो किती गचाळ आहे यावर लांबलचक लिहिलं आणि नाहीसा झाला. पुण्याचा एक जण म्हणाला, सगळं पाडून नव्याने लिहू. देवकीने होकार दिला. त्याने एक ओळही लिहिली नाही.

स्वाती आली ती मीटरची तक्रार घेऊन. गडहिंग्लजकडची मुलगी, मोप्याच्या विमानतळाच्या कामावर कॉम्प्युटरवर नकाशे करायची आणि पेडण्याच्या बाजारात खोली घेऊन राहायची. तक्रार लिहून झाली तरी ती खिडकीपाशी उभीच होती.

“हे काय आहे, ताई?” तिने जाहिरातीकडे बोट दाखवलं.

देवकीने सांगितलं. इतक्या वेळा सांगितलं होतं की आता आवाजात काही उरलं नव्हतं.

“मला थोडं येतं,” स्वाती म्हणाली. “आणि सध्या वेळच वेळ आहे. कोर्टाने काम थांबवलंय ना. नुसतं जायचं, खुर्चीत बसायचं, यायचं.”

ती रविवारी घरी आली. कृष्णनाथने तिच्या कानात हेडफोन दिले आणि डोळे मिटायला सांगितलं. होडी तीनदा बुडाली, तिन्ही वेळा ती हसली. चौथ्यांदा स्वाती हसली नाही. हेडफोन काढून म्हणाली, “दादा, मला वाटलं, मीच चुकतेय. पण आवाजच मागे राहतोय की.”

“तेंच तर सांगतंय,” कृष्णनाथ म्हणाला. त्याचा चेहरा उजळला. ते पाहून देवकीला भीती वाटली.

स्वाती दर रविवारी येऊ लागली. देवकी तांदळाचे पोळे करायची, कधी पावाबरोबर उसळ. स्वाती आणि कृष्णनाथ टेबलाशी बसायचे. ती काही बदलायची, तो खेळायचा, मान हलवायचा. “नाय.” पुन्हा. “नाय.” मग एकदा त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. होडी पैलतीराला लागली होती.

त्याच्या मोबाइलवर दोष गेला होता, इतरांच्या मोबाइलवर तो होताच. स्वाती म्हणाली, प्रत्येक जातीच्या मोबाइलसाठी वेगळं करावं लागेल, चार-पाच महिने जातील, पण होईल.

मोप्याचं काम कधी सुरू होणार, याची बाजारात रोज चर्चा चालायची. कोणाची जमीन गेली होती, कोणी ट्रक घेऊन ठेवला होता. देवकी ऐकायची आणि मनात म्हणायची, अजून नको, एवढ्यात नको. मग स्वतःचीच तिला लाज वाटायची. पण पुढच्या रविवारी ती पुन्हा तेच म्हणायची.

काम सुरू झालं नाही. उलट कंपनीने निम्मी माणसं कमी केली, आणि त्यात स्वाती होती.

“घरी सांगितलं नाही अजून,” ती म्हणाली. “बाबा म्हणतील, परत ये आणि लग्न कर.” त्या दिवशीही ती काम करून गेली. जाताना म्हणाली, “पुण्याच्या एका कंपनीत अर्ज केलाय. कामाचा नमुना म्हणून ‘तारी’चाच कोड दाखवला. ते तुम्हाला फोन करतील. मी काम कसं करते, ते विचारतील. चालेल ना?”

“चालेल की,” देवकी म्हणाली.

“आणखी एक आहे.” स्वाती चप्पल घालता घालता थांबली. “त्यांच्याकडे लागलं की बाहेरचं काहीच करता येत नाही. फुकटसुद्धा नाही. तसं लिहून घेतात.”

कृष्णनाथ आत बसून ऐकत होता. ती गेल्यावर देवकी ओट्यापाशी उभी राहिली. “काय सांगू त्यांना?” तिने विचारलं.

“खरा सांग.”

“खरं सांगितलं तर ते तिला घेणार.”

“म्हणान तर खरा सांग. तिका हंय पोळ्यांर ठेवतलंय?”

फोन कार्यालयातच आला. पलीकडची बाई गोड बोलणारी होती. स्वाती वेळ पाळते का? अवघड काम सोडून देते का? देवकीला क्षणभर वाटलं, नुसतं ‘बरी आहे’ म्हणावं. बरी आहे म्हटल्याने खोटं होत नाही. बाहेर बिल भरणाऱ्यांची रांग होती. तिने खुर्ची वळवली, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, “गेल्या तीन वर्षांत आमच्याकडे कितीतरी लोक येऊन गेले. तिच्यासारखं कोणी नव्हतं. जे काम दुसऱ्या कोणाला समजलंच नाही, ते तिने ऐकून ओळखलं. तुम्ही तिला घ्या.”

बोलताना तिचा आवाज चिरकला. पलीकडच्या बाईला ते कौतुक वाटलं असावं.

स्वाती पुण्याला गेली. जाण्याआधीचा आठवडा ती रोज येऊन बसली, पण काम तेवढ्यात होण्यातलं नव्हतं. निघताना तिने कृष्णनाथच्या पायांना हात लावला. त्याला ते आवडलं नाही. तो पाय मागे घेत म्हणाला, “जा गो बाय, बस चुकतली.” दिवाळीला तिचा फोन आला. त्यानंतर शुभेच्छांची चित्रं यायची, मग तीही बंद झाली.

देवकीने जाहिरात नव्याने लिहिली, आधीपेक्षा नीट. काही जणांनी विचारपूस केली. एकाला ही सरकारी जागा वाटली होती. ब्राझीलच्या बाईने कळवलं की तिने दुसरा खेळ घेतलाय, क्षमा असावी. पावसाळ्यात कृष्णनाथचा मोबाइल बिघडला. दुकानदाराने नवा दिला, आणि नव्यावर होडी पुन्हा खडकावर आपटू लागली. दोन दिवस खेळून त्याने हेडफोन गुंडाळून कपाटात ठेवायला दिले. विचारलं तर म्हणाला, कान दुखतात.

एका संध्याकाळी देवकी कार्यालयातून आली तेव्हा तो फोनवर बोलत होता. धारवाडचा मुलगा असावा. तो अधूनमधून विचारायचा, दुरुस्ती कधी होणार.

“ना रे पुता,” कृष्णनाथ सांगत होता. मग मुलाला कळावं म्हणून जमेल तशा हिंदीत म्हणाला, “बंद हो गया. पूरा बंद. तू दूसरा कुछ खेल. हां. अच्छे से पढ.”

फोन ठेवल्यावर त्याला देवकीची चाहूल लागली.

“आयलंय?”

“दादा, मी अजून बंद केलेलं नाही,” ती दारातूनच म्हणाली. “कॉलेजात परत जाणार होते. नवीन वर्ग आलाय.”

“माहीत आसा.” त्याने फोन चाचपत टेबलावर ठेवला. “तुझ्या तोंडातसून ता कधी येवचा नाय, म्हणान मीच सांगलंय.”

देवकी पर्स खुंटीला अडकवून चहा करायला आत गेली.