शेराचा तांब्या

सौदामिनीबाई पासलीच्या शाळेत विज्ञान शिकवायला आल्या आणि पोरांच्या दप्तरांतून काय बाहेर पडेल याचा नेम राहिला नाही. बाई मूळच्या भोरच्या, वेल्ह्यात खोली घेऊन राहणाऱ्या. पुस्तकातलं चित्र दाखवून वेळ मारून नेणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. आज त्यांनी प्रत्येकाला घरून एक छोटी वस्तू नाहीतर एक भांडं आणायला सांगितलं होतं. मग काय विचारता! कुणी गोटी आणली, कुणी गोफणीचा दगड, आणि एका बहाद्दरानं आणलेलं कोंबडीचं अंडं दप्तरातच फुटलं.

सातवीतल्या प्रेरणानं आणला होता पितळी तांब्या. तिच्या आजोबांचा. आबा जाऊन तीन आठवडे झाले होते, तेव्हापासून तो फळीवर पालथा पडून होता. तिनं तोच निवडला, कारण त्यात किती मावतं हे तिला आधीच ठाऊक होतं. वर्गात आपलं एक तरी उत्तर बिनचूक यावं, एवढाच तिचा हेतू.

आधी वस्तूंची पाळी झाली. बाईंनी काचेच्या मोजपात्रात पन्नास मिलिलिटर पाणी घेतलं आणि गोटी सोडली. पाणी दोन रेघा वर चढलं. गोफणीचा दगड पात्राच्या तोंडातच अडकला. एकीच्या आईच्या जोडव्यानं तर पाणी हललंसुद्धा नाही, तेव्हा वर्ग खो खो हसला. मग बाईंनी फळ्यावर तीन रकाने आखले. अंदाज, प्रत्यक्ष, फरक.

"प्रेरणा, तुझा अंदाज?"

"एक लिटर, बाई. अंदाज न्हाई, बरोबर एक लिटर."

एवढ्या ठामपणाला कारण होतं. माघात आबांचे पाय सुजले, दम लागायला लागला. भोरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, अंगात पाणी साठतंय, चहा-आमटी वगळून दिवसाला एक लिटरच पाणी द्या, वर थेंब नको. घरी आल्यावर आप्पा, म्हणजे तिचे वडील गोरख, फळीवरचा तांब्या काढून म्हणाले होते, "आपला शेराचा तांब्या हाय की. शेर काय नि लिटर काय, एकच." खाचरं खंडीनं मोजणारं आणि भात पायलीनं मोजणारं ते घर. त्यात कुणाला शंका आली नाही. तांब्या सकाळी भरायचा आणि दिवसभर पुरवायचा, हे काम प्रेरणाकडे आलं.

तिनं ते असं केलं की विचारू नका. आबांनी किती आर्जवं केली, थट्टा केली, एकदा तर रागावून तोंड फिरवलं. पोरगी बधली नाही. शेजारपाजारचे म्हणत, आज्याचं पथ्य पाळावं तर प्रेरणानं. शेवटच्या दिवशी दुपारी ऊन नुसतं भाजत होतं. आबा म्हणाले, "पोरी, निस्ता अर्धा पेला." तिनं तांब्या पालथा करून दाखवला. "संपलं, आबा. आता उद्या." आबांनी सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवली आणि कूस बदलली. पहाटे आईनं हाक मारली तेव्हा ते गेलेले होते. तोंडात पाणी घालायलासुद्धा कुणाला सवड मिळाली नाही.

बाईंनी काठोकाठ भरलेला तांब्या तिच्या हातात दिला आणि मोजपात्र पुढं ठेवलं. शंभर मिलिलिटरचं ते पात्र दहा वेळा भरायला हवं होतं. खळ्यावर धान्य मोजताना म्हणतात तसं एकाऐवजी 'लाभ' म्हणत पोरं मोजू लागली, "लाभ, दोन, तीन…" बाईंना हसू आलं. पाच झालं. सहाव्या वेळेला तांब्या पार कलंडवावा लागला. सातव्यांदा धार बारीक झाली, थेंब झाले, थेंबही थांबले. पाणी चाळिसाच्या रेघेवर होतं.

"सहाशे चाळीस," बाई म्हणाल्या. "बघा, किती फसतो आपण!"

"बाई, सांडलं असंल. परत मोजू."

परत मोजलं. सहाशे चाळीसच. तांब्या काही कुणाच्या भिडेला पडत नाही. प्रेरणानं फरकाच्या रकान्यात तीनशे साठ लिहिलं आणि तिचा हात थांबला. दीड पेला. रोजचा दीड पेला आबांच्या हक्काचा होता. पन्नास दिवस तिनं आबांना पाजलं होतं. तिनं गुणाकार केला, अठरा लिटर आले. एक मोठा हंडा भरून पाणी, आणि ते त्यांना डॉक्टरांनी दिलेलं होतं. तिनं नाकारलं होतं. खडू ठेवून ती जागेवर जाऊन बसली. बाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का? ती म्हणाली, ऊन लागलं.

संध्याकाळी आप्पा भाताच्या वाफ्यावर पालापाचोळा जाळून, राब भाजून आले. हात कोपरापर्यंत काळे, डोळे धुरानं लाल. ओट्यावर बसत त्यांनी विचारलं, "काय गं, मोजला का बाईंनी तांब्या?"

"मोजला."

"मग? किती भरला?"

आबांच्या दहाव्याला भावकीपुढं आप्पा हमसून रडले होते आणि मग डोळे पुसून म्हणाले होते, "म्हातारा गेला, पर डॉक्टर बोलला तसंच केलं आमी. त्यात कसूर न्हाई." तेवढ्या एका वाक्यावर ते उभे होते. आणि शेर म्हणजे लिटर, हे पहिल्यांदा बोललं कोण, हे तिच्या चांगलं ध्यानात होतं. तिनं नुसतं खरं सांगितलं असतं तर तिच्या एकटीच्या डोक्यावरचं ओझं निम्मं झालं असतं, पण ते निम्मं जाऊन पडलं असतं आप्पांच्या छातीवर.

"लिटरच भरला, आप्पा. बरोबर लिटर."

"बग! म्या म्हणलंच हुतं." आप्पांचा चेहरा सैल झाला. "आन गं त्याच तांब्यात पाणी, लई तान लागलीया."

ती आत माठापाशी गेली. ओढणीचा बोळा तोंडात कोंबून तिनं रडून घेतलं, आवाज बाहेर जाणार नाही एवढी काळजी घेत. मग तिनं तांब्या काठोकाठ भरला आणि बाहेर नेऊन आप्पांच्या हातात दिला. त्यांनी तो एका दमात रिकामा केला आणि आणखी मागितलं.