मूर्ख-भिजव्या पावसात मिटलेली छत्री

मित्रांनो, मी एक जुनी छत्री आहे. दांडी चेरीच्या लाकडाची, कापड काळं, काड्या आठ आणि त्यातली एक वाकडी. छत्रीनं आपली हकीगत सांगायची म्हणजे तिनं किती पावसाळे झेलले, किती डोकी कोरडी राखली, हे सांगायला हवं. तेही सांगेन. पण माझ्या आयुष्यात तीन आठवडे असे आले, की मी पावसात घट्ट मिटून राहिले आणि जिला मी कोरडं ठेवायचं ती बाई माझ्याशेजारून भिजत चालली. ते आठवलं की आजही माझ्या काड्या आखडतात. तेव्हा आधीच सांगून ठेवते, मी इथं मिरवायला आलेली नाही.

माझा जन्म लिस्बन शहरातल्या एका बोळात, छत्र्यांच्या छोट्याशा कारखान्यात झाला. मला घडवणारा म्हातारा तोंडात टाचण्या धरून कापड ताणायचा आणि त्याच तोंडानं गिऱ्हाइकांच्या नावानं कुरकुर करायचा. शेवटी त्यानं माझ्या टोकाला पोलादी टोपण बसवलं आणि म्हणाला, "हिनं मनात आणलं तर दगडालाही भोक पाडेल." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. छत्रीला मांस नसतं हे खरं, पण अंगात आलेली शेखी कुठंतरी मावतेच. त्याच टोपणानं पुढं माझं तोंड काळं केलं.

मला विकत घेतलं ते दोना एर्मेलिंदा यांनी. दोना म्हणजे तिकडचं 'बाई'. सिंत्रा नावाच्या डोंगरावरच्या गावात त्या गाइडचं काम करायच्या. तिथं राजेराण्यांचे महाल आहेत आणि त्यांच्याही वरच्या कड्यावर त्यांच्याहून जुना किल्ला आहे. ते पाहायला लांबलांबचे लोक यायचे. एर्मेलिंदाबाई उंचीनं बेताच्या, म्हणून त्या मला मिटलेलीच हवेत उंच धरायच्या आणि ओरडायच्या, "चला, माझ्या छत्रीमागे! जो छत्री सोडेल तो धुक्यात जाईल!" मग चाळीस-पन्नास माणसं माझ्याकडे डोळे लावून चढण चढायची. महालाच्या छतावरच्या सोनेरी वेलबुट्टीआधी लोक माझ्याकडे पाहायचे. एवढा मान फार थोड्या छत्र्यांच्या वाट्याला येतो.

सिंत्र्याच्या पावसाबद्दल मात्र सांगायला हवं. तो पडत नाही, हवेतच असतो. पिठी चाळावी तितका बारीक. गावची माणसं त्याला 'मोल्या-तोलुश' म्हणतात, म्हणजे मूर्ख-भिजव्या. एवढ्याशा पावसाला कसली छत्री उघडायची, असं म्हणत माणूस ऐटीत निघतो आणि घरी पोचेपर्यंत बनियनपर्यंत चिंब होतो. एर्मेलिंदाबाई शहाण्या होत्या. चार थेंब दिसले तरी त्या मला उघडायच्या, आणि घरी गेल्यावर मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली पसरून वाळवायच्या. घरात छत्री उघडली तर अवदसा येते, अशी तिथं समजूत आहे, म्हणून अंगणात.

ज्या महालात माझ्या हातून ते घडलं, त्याचं नाव मी सांगत नाही. टेकडीवर महाल पुष्कळ आहेत, त्यातला एक समजा. दाराशी झुल्मिरा नावाची बाई बसायची आणि आत जाणाऱ्यांच्या छत्र्या काढून पितळी पिंपात ठेवायची. नियमच तसा होता. पण एर्मेलिंदाबाई रोज म्हणायच्या, "अगं, ही छत्री कुठं, हा माझा झेंडा आहे. आत कुणी हरवलं तर तू शोधणार आहेस का?" आणि झुल्मिरा तोंड वाकडं करून मला सोडायची. बाकीच्या छत्र्या पिंपात टिपं गाळत उभ्या, आणि मी राजाच्या दिवाणखान्यात. मला त्याची फार गंमत वाटायची. आता सांगताना कसंसंच होतं.

त्या महालात एक निळी खोली होती. भिंतभर निळ्यापांढऱ्या टाइल्स आणि त्यांवर रंगवलेली तळ्याकाठची मेजवानी. एका कोपऱ्यात हातावर पोपट घेऊन उभी असलेली एक मुलगी होती. सगळे तिला नुसतं 'पोर' म्हणायचे. या खोलीवर सिन्योर अदेरितो नावाचे पहारेकरी होते, एकतीस वर्षं त्याच खोलीवर. रोज सकाळी आले की टोपी काढून भिंतीला म्हणायचे, "काय पोरी, झोप लागली का?" आणि संध्याकाळी, "चल, येतो. पोपटाला दाणे घाल." एर्मेलिंदाबाई त्यांची थट्टा करायच्या, "घरी बायकोशी इतकं गोड बोलता का हो?" ते म्हणायचे, "बायको उलट बोलते, दोना. ही ऐकून घेते."

ऑक्टोबरात एका दुपारी आम्ही मोठा घोळका घेऊन निळ्या खोलीत गेलो. शेजारच्या सज्जाची खिडकी वाऱ्यानं उघडली आणि धुकं आत यायला लागलं. दमट हवा टाइल्सच्या मुळावर येते. अदेरितो लगबगीनं उठले आणि म्हणाले, "दोना, पोरीकडे जरा लक्ष ठेवा. खिडकी लावून आलोच."

"जा हो. मी आहे ना," बाई म्हणाल्या.

घोळक्यात मागचे लोक आपसात बोलत होते. बाईंना ते खपायचं नाही. "इकडे पाहा!" म्हणून त्यांनी मला उचललं आणि पोरीच्या चेहऱ्याकडे रोखलं. रोज रोखायच्या तशीच. तेवढ्यात कुणी काही विचारलं, त्या मान वळवून उत्तर द्यायला गेल्या, आणि हात तसाच पुढे गेला. माझं पोलादी टोपण टाइलवर आदळलं. टक्, एवढाच आवाज झाला. पोरीचं नाक करंगळीच्या नखाएवढ्या तुकड्यासकट जमिनीवर पडलं.

कुणाच्याही लक्षात आलं नाही. बाईंनी रुमाल पाडला, तो उचलायच्या मिषानं तुकडा उचलला. मी त्यांच्या मनगटाला टोक खाली करून लटकले होते, वरून घड्या सैल होत्या. तुकडा त्यांनी माझ्यात टाकला. "चला, आता स्वयंपाकघर," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, मला मात्र त्यांनी छातीशी घट्ट आवळलं होतं. ते मलाच कळलं.

संध्याकाळी अदेरितो धावत दाराशी आले. तोंडावर रक्त नव्हतं. "दोना, पोरीचं नाक! तुम्ही काही पाहिलंत का?"

मित्रांनो, हो म्हणायला किती वेळ लागतो? बाई म्हणाल्या, "नाही हो. गर्दी किती होती." आणि मी, जिच्या पोटात ते नाक होतं, त्यांच्या हातात गप्प राहिले.

महालाच्या संचालकांना सगळे 'डॉक्टर' म्हणायचे. त्यांनी कुणाची नाडी कधी पाहिली नव्हती, पण शिकलेल्या माणसाला तिकडं डॉक्टरच म्हणतात. त्यांनी अदेरितोंना बोलावलं. खोली सोडून का गेला होता, आणि तेव्हा खोलीत कोण होतं, असं विचारलं. अदेरितोंनी खिडकीचं सांगितलं. "पोरीकडे लक्ष ठेवा" असं कुणाला सांगून गेलो होतो, ते मात्र सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी एर्मेलिंदाबाईंना हळूच म्हणाले, "तुमचं नाव घेतलं नाही मी. गर्दीत तुम्ही तरी कुठं कुठं पाहणार? खोली माझी होती." बाईंनी मान खाली घातली. डॉक्टरांचा निकाल आला: महिनाअखेरीला अदेरितोंनी निळी खोली सोडायची आणि पुढं खालच्या फाटकाशी, मोटारी उभ्या राहतात तिथल्या टपरीत बसायचं.

त्या दिवसापासून बाईंनी मला उघडलं नाही. उघडलं तर तुकडा पडणार. बाहेर काढून फेकून द्यावा तर पाप दुप्पट होणार, नेऊन द्यावा तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. एकदा घरी त्यांनी माझ्या घड्यांत हात घातला, बोटं तुकड्याला लागलीही. तशीच रिकामी बाहेर आली. अंगणात वाळवणंही बंद झालं. घरात उघडायला तर नकोच, अवदसा येते ना! मी ओलीच दाराआड उभी राहायची. माझ्या सांध्यांना गंज चढला, कापडाला कुबट वास यायला लागला. आणि बाई मूर्ख-भिजव्यात रोज भिजायच्या. केसांतून पाणी निथळत असायचं आणि हातात मी.

झुल्मिराची जीभ थोडीच गप्प बसणार? "काय हो दोना, छत्री काय नातीच्या लग्नासाठी राखून ठेवलीय?"

"एवढ्याशा पावसाला छत्री उघडतात ते लिस्बनवाले," बाई म्हणाल्या.

"हो का? मग आपण शहाणे इतके ओले कसे?"

एकदा खुर्चीला टेकवलेली मी घसरून खाली पडले. अदेरितोंनीच मला उचललं. आत तुकडा किंचित खुळखुळला. त्यांनी मला कानाशी नेलं. "काडी सुटलीय वाटतं, दोना. द्या, दुरुस्त करून आणतो." "राहू द्या," म्हणत बाईंनी मला ओढून घेतलं. मित्रांनो, त्या क्षणी मी एक घडी सैल सोडली असती तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण मी घड्या आवळून धरल्या. छत्रीच्या हातात काय असतं, असं तुम्ही म्हणाल. मीही स्वतःला तसंच समजावत आले. बाई भिऊन गप्प होत्या. मी मात्र आता पिंपात उभं राहावं लागेल म्हणून गप्प होते. राजाच्या दिवाणखान्यात मिरवायची सवय मला सोडवत नव्हती.

महिनाअखेर आली. अदेरितोंनी पोरीपुढं टोपी काढली. "पोरी, येतो मी," एवढंच म्हणाले, पोपटाच्या दाण्यांचं बोलले नाहीत. झुल्मिरानं त्यांच्या हातात गावातल्या केझाडांची, म्हणजे चिजाच्या गोड वड्यांची, कागदी पुडी ठेवली आणि पदर नसल्यानं डोळ्यांना बाही लावली. ते दाराबाहेर आले. बाई तिथंच, पायरीवर उभ्या होत्या. बाहेर मूर्ख-भिजव्या लागला होता.

"छत्री उघडता का जरा, दोना? बसथांब्यापर्यंत," अदेरितो म्हणाले. "माझं काही नाही, मी भिजलो तर सुकेन. पण या केझाडा बायकोसाठी आहेत. आज महिनाअखेर, हात हलवत गेलो तर विचारेल, काय झालं. मी तिला टपरीचं अजून सांगितलेलं नाही."

बाईंनी पुडीकडे पाहिलं. "सांगूच नका तिला," त्या म्हणाल्या. मग पायरीवरून खाली उतरल्या, मला सरळ धरलं आणि खटका दाबला.

मी उघडले नाही. गंजानं सांधे धरले होते. बाईंनी दोन्ही हातांनी जोर लावला, एक काडी वाकली, आणि मी फाटक्या आवाजात उघडले. ओल्या दगडांवर काहीतरी टिचकन् पडलं.

अदेरितो वाकले. तुकडा तळहातावर घेऊन बाहीनं पुसला. निळ्या रेघेचं इवलंसं नाक होतं ते. एकतीस वर्षं रोज पाहिलेलं.

"मी होते," बाई म्हणाल्या. "छत्रीचं टोक लागलं. तुम्ही मला लक्ष ठेवायला सांगितलं होतं आणि मीच..."

ते तुकड्याकडेच पाहत होते. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग त्यांनी बाईंच्या चिकटलेल्या केसांकडे, भिजून जड झालेल्या कोटाकडे पाहिलं.

"म्हणून तीन आठवडे भिजत होता?"

"हो."

"म्हणजे या पावसाचं नाव काही चुकीचं नाही," अदेरितो म्हणाले. तुकडा त्यांनी बाईंच्या हातावर ठेवला. "डॉक्टर अजून वर आहेत. जा. मी थांबतो इथं."

बाई वळल्या, दाराशी आल्या, आणि कुणी न सांगता त्यांनी मला झुल्मिराच्या पितळी पिंपात ठेवलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा बाकीच्या छत्र्यांमध्ये उभी राहिले. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या छातीवरचा महालांच्या गाइडचा बिल्ला नव्हता.

पुढं अदेरितो निळ्या खोलीवरच राहिले, निवृत्त होईपर्यंत. पोरीचं नाक चिकटवलं, तरी बारीक रेघ दिसते. कुणी विचारलं तर ते म्हणायचे, "एकदा छत्री लागली होती." कुणाची, ते सांगायचे नाहीत. एर्मेलिंदाबाईंना महालांत घोळका न्यायची मनाई झाली. त्या लोकांना वरच्या किल्ल्यावर न्यायच्या, तिथं उघड्या तटावर फुटण्यासारखं काही नव्हतं. थेंब दिसला की मला उघडायच्या, आणि शेजारच्यालाही आत घ्यायच्या.

आता बाई नाहीत. जाताना त्यांनी मला महालाच्या दाराशी देऊन टाकलं. मी पिंपात असते आणि विसरभोळे पाहुणे मला उसनी नेतात. कधी कुणी लहान मूल मला घेऊन आत धावायला जातं, तेव्हा मी मनातल्या मनात म्हणते, मला इथंच ठेव रे बाळा.

मित्रांनो, तुमच्या घरी छत्री असेल. बाहेरून आलात की तिला ओली मिटून दाराआड ठेवू नका. ती आतून कुजते आणि बाहेरून कळत नाही. त्याच दिवशी, भरल्या घरात, सगळ्यांसमोर उघडा. अवदसा काही येत नाही. ती मिटलेल्या छत्रीत असते, मी तीन आठवडे बाळगली आहे.