समिती बघायला आली

पोफळगावच्या धर्माजींना पालघर पंचायत समितीवर निवडून येऊन दोन वर्षं झाली होती, आणि एवढ्या काळात त्यांनी गावाला काय आणून दिलं असं विचारलं तर उत्तर एकच होतं: आश्वासन. तेही एकच, पण पुन्हा पुन्हा. "नर्सबाईचं उपकेंद्र आपल्या गावात आणतो," असं ते गणपतीत म्हणाले, नवरात्रात म्हणाले, आणि शेजारच्या विश्रामच्या मुलाच्या लग्नात तर हातात अक्षता असताना म्हणाले. माणूस वाईट नव्हता. फक्त बोलून बसायची खोड होती.

मागणी मात्र खोटी नव्हती. शेजारी तारापूरला अणूपासून वीज काढणार, देशोदेशीचे साहेब येणार अशी हवा होती, आणि पोफळगावात खरचटलं तर आयोडीन लावायला कोणी नव्हतं. धर्माजींची सून सुलू पोटुशी होती, सातवा लागला होता. मागल्या खेपेला तिला कळा सुरू झाल्या तेव्हा बैलगाडी जुंपून पालघरची वाट धरली, आणि मूल वाटेतच गेलं. तेव्हापासून धर्माजींची बायको माई फार बोलत नसे. जेवायला वाढताना तेवढं विचारी, "उपकेंद्राचं कुठवर आलं?" की धर्माजी घाईने पाणी मागत.

चौसष्ट सालच्या दिवाळीनंतर योग जुळून आला. सरकारी दवाखाने जिल्हा परिषदेच्या ताब्यात आल्यापासून सुधारणेचं वारं सुटलं होतं. कुठलं केंद्र चालतं आणि कुठलं नुसतंच बसलंय, हे लोकांनी निवडून दिलेल्या माणसांनीच जाऊन बघायचं ठरलं. तिघांची समिती नेमली: अध्यक्ष धर्माजी, सदस्या सफाळ्याच्या रत्नाबाई, आणि कागद सांभाळायला विस्तार अधिकारी कर्णिक. नियम छापील होता. तपासणीच्या दिवशी पंधरापेक्षा कमी रुग्ण हजर असले तर उपकेंद्र तिथून हलवायचं. यादीत पहिलं नाव होतं मनोरच्या पलीकडं डोंगरात असलेल्या करवंदपाड्याचं. ते हललं तर पोफळगावात येणार, हे धर्माजींनी सभापतींकडून तोंडी कबूल करून घेतलं होतं.

"पंधरा माणसं तिथं कुठनं येणार?" निघण्याआधी न्याहारी करताना ते माईला म्हणाले. "कापणीचे दिवस हायत. आज कायतरी घेऊनच येतो."

माईने ताटात आणखी दोन घावणे वाढले. आधीचे सहा झालेच होते.

मनोरपर्यंत जीप सुखाने गेली. पुढं जे होतं त्याला रस्ता म्हणणं म्हणजे रस्त्याची चेष्टा होती. जीप एका खड्ड्यातून दुसऱ्यात जाई आणि आठही घावणे तिच्याबरोबर उसळत. करवंदपाडा आला तेव्हा धर्माजींनी अंगातला कोट आणि डोक्यावरची टोपी काढून जीपमध्येच ठेवली आणि एक हात पोटावर धरूनच ते खाली उतरले.

पाडा झाडून लख्ख केला होता. कुडाच्या भिंती ताज्या सारवलेल्या, पोरांच्या डोक्यांना तेल, बाप्यांच्या अंगात धुतलेले सदरे. पण उपकेंद्राच्या दारातलं बाकडं रिकामं होतं. नर्सबाई मंदा पांढऱ्या साडीत उभी होती आणि तिचा चेहरा साडीहून पांढरा झाला होता.

"रुग्ण?" कर्णिकांनी विचारलं.

"रोज पंचवीस-तीस असतात साहेब. वही बघा ना."

"वही कोणीही लिहील. आज हजर किती?"

मंदाने बाकड्याकडं पाहिलं. जणू तेच काहीतरी बोलेल. तेवढ्यात पाड्याचा म्हातारा पुढारी जिव्या छाती काढून पुढं आला. "आजारी? आमच्या पाड्यात आजारी कोण पन नाय! एकूनएक मानूस बरा हाय. ही बाई लय चांगली हाय."

"काका, असं नका ना सांगू," मंदा रडवेली होऊन म्हणाली. जिव्याला वाटलं, बाई लाजतेय. त्याने आणखी जोरात सांगितलं.

रत्नाबाईंनी नाक मुरडलं. "सबंध पाड्यात एकाला पन खोकला नाय? आमच्या घरात चार मानसं हायत, तर पाच खोकतात."

कर्णिकांनी कागदावर शून्य काढलं. चांगलं गोल, ठसठशीत. धर्माजींच्या मनात लाडू फुटले. मंदाकडं बघायचं तेवढं त्यांनी टाळलं, कारण ती पोर त्यांच्या सुलूएवढीच होती. पण आनंद करायलाही वेळ मिळाला नाही. पोटाने आता शेवटची सूचना दिली होती. दारातलं टमरेल पाणी भरून उचललं आणि समितीचे अध्यक्ष घाईघाईने पाड्यामागच्या रानात शिरले.

हलके होऊन ते उठले आणि परतताना वाट चुकले. करवंदीची एक जाळी ओलांडली, आणि समोर बघतात तर मोहाच्या मोठ्या झाडाखाली तीस-बत्तीस माणसं गप बसलेली. कोणी घोंगडीत कुडकुडतंय, कोणाचा पाय फडक्यात बांधलेला, कोणाच्या मांडीवर तापाने लाल झालेलं पोर. एक जण खोकला दाबायला तोंडात उपरणं कोंबून बसला होता.

"शू!" पुढच्या म्हातारीने त्यांना दटावलं. "बस खाली. दिसशील ना!"

धर्माजी बसले.

"कुठल्या पाड्यावरचा तू?" म्हातारीने विचारलं. मग तिचं लक्ष टमरेलाकडं गेलं आणि तिचा आवाज मऊ झाला. "हगवन?"

आता हातात टमरेल धरून 'मी अध्यक्ष' असं कोणाला सांगता येतं का? धर्माजींनी मान डोलावली.

म्हातारीचं नाव भागी. तिने हळू आवाजात सगळी हकिकत सांगितली. समिती बाईला बघायला येतेय, असा निरोप आला होता. पाड्याची रीत अशी, की मुलगी बघायला पाहुणे येणार असले की घरातल्या आजाऱ्याला मागच्या रानात नेऊन बसवायचं. घरात दुखणं दिसलं तर सोयरीक मोडते. इथं तर सगळ्यांच्या लाडक्या बाईला बघायला लोक येणार. बाईच्या पाड्यात आजारी माणूस दिसला तर ते काय म्हणतील? एवढे दिवस बाईने केलं काय? म्हणून जिव्याने पहाटेच सगळ्यांना इकडं आणून बसवलं. बाईला सांगितलं नव्हतं. ती ऐकणारी नव्हती.

"त्यांच्यात एक धर्माजी म्हनून हाय," भागी पुढं म्हणाली. "आमची बाई त्याला त्याच्या गावाला न्यायची हाय. बाजाराला गेलेल्या मानसांनी ऐकलंय. कसा दिसतो रे तो?"

"बराय," धर्माजी म्हणाले.

"बरा कसला! दुसऱ्याच्या चुलीतला इस्तव उचलून नेनारा."

तेवढ्यात त्यांच्या पोटातून असा आवाज निघाला, की दोन पोरं दचकली. भागीने पदराची गाठ सोडली. आत एक पांढरी गोळी होती. तिने दातांनी तिचे दोन तुकडे केले आणि एक पुढं केला. "बाईने दिलेली हाय. माझ्या पन पोटाचीच. अर्धी घे."

"तुला?"

"मला बाई देईल परत. तू लांबचा दिसतोस."

धर्माजींनी ती अर्धी गोळी गिळली. आजवर त्यांनी लोकांचे हार घेतले होते, चहा घेतले होते, मतंही घेतली होती. पण या अर्ध्या गोळीने त्यांना जेवढं शरमवलं तेवढं कशानेच शरमवलं नव्हतं.

परतताना ते मनाशी भांडत होते. काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. शून्य कर्णिकांनी काढलं होतं, आजारी जिव्याने लपवले होते, यात धर्माजींचा दोष दाखवून द्यायला ब्रह्मदेव आला असता तरी त्याला जमलं नसतं. आणि घरी सुलू होती.

दारात कर्णिकांनी कागद आणि पेन पुढं केलं. "अध्यक्षांची सही."

धर्माजींनी पेन हातात घेतलं, टोपण काढलं, परत लावलं. "कर्णिक," ते म्हणाले, "आधी माझ्याबरोबर जरा रानात चला."

"मला लागलेली नाही," कर्णिक म्हणाले.

"चला!"

धर्माजींनी कोट-टोपी चढवली आणि समिती निघाली, मागून मंदा, तिच्या मागून घाबराघुबरा जिव्या. करवंदीची जाळी ओलांडली मात्र, झाडाखाली एकच पळापळ झाली. "समिती आली! समिती आली!" ज्याचा पाय बांधलेला होता तो झिपरू सगळ्यांच्या पुढं होता. मिनिटभरात झाडाखाली काही उरलं नाही.

"बघितलंत?" कर्णिक म्हणाले. "एवढे पळणारे रुग्ण मी आयुष्यात पाहिले नाहीत. यांना नर्स कशाला?"

पण एक जण उरली होती. चिमी नावाची पोर, आठवा महिना, अंगात सणसणून ताप. तिला पळता आलं नव्हतं. ती झाडाचा आधार घेऊन उभी राहिली, तापलेल्या कपाळावरचे केस मागं सारले आणि दात वाजत असताना समितीकडं बघून हसली.

"मी बरी हाय," ती म्हणाली. "आमची बाई चांगली हाय."

आणि खाली कोसळली.

मंदा धावली. मघाशी दारात रडवेली होऊन उभी असलेली ती हीच, असं कोणी म्हटलं नसतं. "धरा! नुसते बघताय काय? तुम्ही खांद्याला, तुम्ही पायांना!" अध्यक्षांनी खांदे धरले, विस्तार अधिकाऱ्यांनी पाय. रत्नाबाईंनी आपली शाल अंथरली आणि चिमीला तिच्यावर ठेवलं. मंदाने हात लावून नाडी बघितली, जिव्याला पेटी आणायला पिटाळलं, आणि मग रानाकडं तोंड करून गरजली, "झिपरू! भागीआजी! मंगळी! या म्हणते ना मुकाट्याने!"

एकेका जाळीमागून एकेक डोकं वर आलं. बाईची हाक म्हटल्यावर समितीचं कोण विचारतो! मंदाने पेटी उघडली आणि तिथंच मोहाखाली काम सुरू केलं.

कर्णिक घाम पुसत म्हणाले, "माणुसकी ठीक आहे, पण नियमात रुग्ण केंद्रात हजर पाहिजेत. हे रान आहे."

"केंद्राला भिंती पाहिजेत असं लिहिलंय का तुमच्या नियमात?"

कर्णिकांनी कागद उलटसुलट करून पाहिला. भिंतींचा उल्लेख नव्हता.

"मग ही बाई बसलीय ते केंद्र. मोजा."

बत्तीस भरले. धर्माजींनी सही केली. भागी गोळी घ्यायला पुढं आली तेव्हा तिने कोट-टोपीवाल्याकडं निरखून पाहिलं.

"अगं बाय," ती मंगळीला म्हणाली, "तो हगवनवालाच समिती हाय!"

चिमीला संध्याकाळपर्यंत घाम फुटला, ताप उतरला. मंदाने सांगितलं, पोटातलं मूल शाबूत आहे. तेव्हाच जीप निघाली.

पोफळगावात धर्माजींच्या ओटीवर माणसं जमली होती. विश्राम सगळ्यांत पुढं. "मग, कधी येतंय?"

धर्माजींनी सगळं सांगितलं, टमरेलासकट. काही हसले. विश्राम हसला नाही. "म्हनजे तुमी आमचं सोडून त्यांचं बघितलंत. मतं आमी दिली होती."

"व्हय," धर्माजी म्हणाले. "पन त्यांचं मोडून आपलं करायचं मला नाय जमलं. आपल्यासाठी नवीन मागेन. भांडेन."

"दोन महिन्यांत मिळेल?" हे दारातून माईने विचारलं. तिच्या मागं सुलू उभी होती.

आश्वासन द्यायची एवढी सोपी वेळ पुन्हा आली नसती. पण धर्माजींच्या तोंडून ते निघेना. "नाय मिळनार," ते म्हणाले, आणि त्यांना रडूच आलं.

माई आत गेली. लुगड्यांचं गाठोडं बांधून ती परत बाहेर आली.

"उद्या गाडी जुंपा," ती म्हणाली. "सुलूला घेऊन मी करवंदपाड्यावर जाते. पोर हातात येईपर्यंत तिथंच ऱ्हानार."

"पाड्यावर?" विश्राम किंचाळला. "आपल्या वाडीतली सून बाळंतपनाला रानात?"

"जिथं बाई हाय तिथं," माई म्हणाली, आणि नवऱ्याकडं वळली. "तुमी इथं मतं सांभाळा."