साखरेचा डबा

बाभुळगावात लग्नाचं ब्लाउज शिवायचं तर खातूनबींकडेच टाकायचं, अशी बायकांची रीत होती. पण त्या उन्हाळ्यात खातूनबींना सुईत दोरा ओवता येईना. तहान तर भागतच नव्हती. उसाचा रस, थंडा, मिळेल ते प्यायच्या आणि तासातासाला मोरीकडे धावायच्या. शुगर निघून तीन वर्षं झाली होती. गोळ्या आठवल्या तर घ्यायच्या, नाहीतर राहिल्या. एका सकाळी त्यांनी मशीनवरच मान टाकली. मुलगा अय्याजनं आपल्या ऑटोत घातलं आणि यवतमाळचा एक दवाखाना गाठला. वाटभर सून कहकशां त्यांचं डोकं मांडीवर धरून बसली होती.

इमर्जन्सीत बोट टोचलं तर शुगर चारशे शहाऐंशी. सलाइन लागलं, इन्सुलिन सुरू झालं. दुपार कलताना खातूनबी पुरत्या भानावर आल्या, तेव्हा समीक्षा सिस्टर स्टूल ओढून खाटेशी बसली. तिच्या हातात शुगरच्या पथ्याचा छापील कागद होता.

"मावशी, असा कागद पहिले कोणं दिलता तुमाले?"

"दिलता. पेटीत ठेवला हाय, जपून."

"काय लिहिलं होतं त्यात?"

खातूनबींनी भिंतीकडे तोंड केलं. मग हळूच म्हणाल्या, "मले वाचता येत नाही, सिस्टर. तवा सगळ्यायसमोर कसं सांगू?"

सिस्टरनं कागदाची घडी करून खिशात टाकली. "काम काय करता?"

"शिवणकाम."

"मंग टेपवरचे आकडे?"

"ते कायले नाही येणार? पाव इंचाचा फरक पकडतो मी!"

"मंग झालं तं." सिस्टरनं रिकामी सिरिंज त्यांच्या हातात दिली. "याच्यावरही रेघाच हायेत. बारा दाखवा."

चष्मा पुसून खातूनबींनी नख टेकवलं. दहाच्या पुढं दोन रेघा. सिस्टरनं त्यांना तीनदा साधं पाणी भरायला लावलं. संध्याकाळचं इन्सुलिन मात्र त्यांनी स्वतःच्या हातानं पोटाला घेतलं आणि मग स्वतःच चकित होऊन सुईकडे पाहत बसल्या. तहान लागली तर रस नाही, पाणीच, हेही कळलं.

"आता सगळ्यात मोठी गोष्ट," सिस्टर म्हणाली. "सुई घेतली अन् जेवण राह्यलं, तं शुगर एकदम खाली येते. हात थरथरतात, दरदरून घाम सुटते. तवा काय कराल?"

"अजून एक सुई?"

"बिलकुल नाही! तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची. पाव तास थांबायचं. मंग जेवायचं."

हे तिनं त्यांच्या तोंडून दोनदा वदवून घेतलं. कहकशां त्या वेळी औषधाच्या खिडकीपुढं रांगेत उभी होती.

घरी आल्यावर खातूनबी रोज दोन वेळा स्वतःच सुई घेऊ लागल्या. जूनमध्ये शाळेचे गणवेश शिवायला आले. खातूनबींनी सकाळची सुई घेतली आणि "एवढी बाही लावतो अन् उठतो" म्हणत जेवण लांबवलं. बघता बघता अंगाला घाम फुटला, बोटं लटलट कापू लागली. त्या भिंत धरत स्वयंपाकघरात गेल्या आणि साखरेचा डबा ओढला. कहकशांनं धावत येऊन तो हिसकावून घेतला.

"अम्मी, काय करून राह्यल्या? चारशेवर गेलती ना शुगर? तुमाले साखर मना हाय!"

"दे... दवा हाय ते." जीभ जड झाली होती.

"मी नाही देणार!"

"आता साखरच दवा हाय, पोरी. थरथर आली, घाम आला, तीन चमचे. सिस्टरनं सांगतलं." खातूनबी खाली बसल्या. "दे. नाही तं मी जातो."

सासूचा असा आवाज कहकशांनं कधी ऐकला नव्हता. तिनंच तीन चमचे साखर पाण्यात ढवळली आणि पेला त्यांच्या ओठांना लावला. पाव तासात खातूनबींची नजर स्थिर झाली. कहकशां त्यांच्या गळ्यात पडून रडली. "मी तुमाले मारलंच असतं, अम्मी."

"तुले कोणी सांगतलंच नोतं, बेटा," खातूनबी म्हणाल्या आणि तिला भाकरी वाढायला लावली.

दुसऱ्या आठवड्यात दोघी यवतमाळला गेल्या. शुगर दीडशेच्या आत आली होती. खातूनबी इमर्जन्सीच्या दारापाशी तासभर थांबल्या. सिस्टर बाहेर येताच त्यांनी तिचे दोन्ही हात कपाळाला लावले आणि सगळी हकिगत सांगितली. सिस्टर हसेल असं त्यांना वाटलं होतं. पण ती म्हणाली,

"मावशी, चूक माही हाय. सून बाहेर होती अन् मी एकट्या तुमालेच शिकवलं. घरी सुई-जेवण तं सारं दोघी मिळून पाहता." मग ती कहकशांकडे वळली. "बस ताई. आता तुले सांगतो."

कहकशांनं सगळं ऐकलं, उलट म्हणून दाखवलं, चार शंकाही विचारल्या.

तेवढ्यात आतून सिस्टरला हाक आली. एका खाटेवर मुकुटबनहून नुकतेच आणलेले नानाजी नावाचे म्हातारे होते, शुगर पाचशेला टेकलेली. सिस्टरनं स्टूल ओढलं, पण बसली नाही. आधी बाहेर डोकावून विचारलं, "नानाजीच्या घरी रांधते कोण? त्यायले आत बोलवा."

एक बाई पदरानं तोंड पुसत लगबगीनं आत गेली. दारातून पाहणाऱ्या खातूनबींनी मनातल्या मनात सिस्टरसाठी दुआ मागितली आणि सुनेचा हात धरून एसटी स्टँडची वाट धरली.