गच्चीवरच्या चादरी

दवाखान्याच्या गच्चीवर सरकारी योजनेतून सौर पॅनेल बसले, फीत कापली गेली, फोटो निघाले आणि आठवड्यातच त्यांच्यावर चालणारा लशींचा फ्रीज रुसून बसला. सकाळी जेमतेम थंड, दुपारी कोमट. दोनदा अख्खा साठा फेकावा लागला, बायका लेकरांना घेऊन आल्या पावली परत गेल्या. सिस्टरने तक्रार ठोकली: योजना कागदावरच बरी.

आज भर दुपारी मेकॅनिक तपासायला आला आणि तिला तक्रारीचा पश्चात्ताप झाला. त्याने फॉर्मवर ‘निकामी’ लिहिलं की पॅनेल-फ्रीजचा अख्खा संच परत जाणार. मग लशी आणायला पुन्हा आहेच, बर्फाची पेटी खांद्याला लावून बसचे दोन तास!

तो शिडीने वर गेला आणि हसतच सुटला. “सिस्टर, वर या जरा!”

गुडघ्यांना शिव्या घालत ती पहिल्यांदाच गच्चीवर चढली. बघते तर सगळ्या पॅनेलांवर वॉर्डातल्या चादरी नीट अंथरलेल्या, कोपऱ्यांवर विटा. झाडलोट करणाऱ्या मावशी मागोमाग आल्याच.

“मीच झाकते, दहाच्या ठोक्याला. एवढ्या उन्हात काचा तडकल्या म्हणजे? सकाळी पुसतेसुद्धा.”

सिस्टरने कपाळावर हात मारला.

“मावशी, ऊन हेच त्यांचं जेवण,” मेकॅनिक चादरी काढत म्हणाला. “तुम्ही ऐन जेवायच्या वेळी ताट झाकत होतात.”

मावशींचा चेहरा पडला. “आता माझी नोकरी जाईल का हो?”

“नोकरी? चाळीस दवाखाने फिरलो मी. सगळीकडे बोटभर धूळ. फीत कापल्यावर वर कुणी चढलेलंच नाही. इथे मात्र काचेवर ओरखडा नाही.” त्याने फॉर्म पुढे केला. “‘देखभाल कोण करतं’ हा रकाना आजवर कोराच जायचा. सांगा, पूर्ण नाव सांगा.”

मावशींनी ते दोनदा सांगितलं, चुकायला नको म्हणून.

चारला फ्रीजचा काटा पाच अंशांवर आला. सिस्टरचे डोळे भरून आले. “मावशी, तुमच्यामुळे राहिला हो संच. माझ्या तक्रारीने घालवलाच होता.”

“काहीतरीच तुमचं,” मावशी चादरींच्या घड्या घालत पुटपुटल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बादली घेऊन शिडीपाशी आल्या, तर वरून गुडघ्यांना घातलेल्या शिव्या ऐकू आल्या. सिस्टर ओलं फडकं घेऊन आधीच गच्चीवर पोचली होती.