तंबूचा माथा

"राजा आहे, घोडा आहे, पाद्रीबुवा आहे. तंबू शिवणारा कुठी आहे वं याच्यात?" चंपतरावांनी चित्र चष्म्याजवळ धरलं.

श्वेता हसली. शेजारची ही पोर आर्मेनियातल्या जुन्या हस्तलिखितांतल्या तंबूंच्या चित्रांवर प्रबंध लिहीत होती. आर्मेनिया कुठे आहे हे चंपतरावांना ठाऊक नव्हतं. पण लकडगंजात चाळीस वर्षं तंबू शिवलेल्या माणसाला तंबू परका कसा वाटावा?

"यानं जन्मात खुटी ठोकली नसन," म्हणत त्यांनी दोन चित्रं नापास केली. तिसऱ्यावर बोट थांबलं. पांढऱ्या तंबूच्या माथ्यावर, खांब टेकतो तिथे, लाल गोल होता.

"हे ठिगळ आहे. खांबानं कापड फाटते, म्हणून जुनं कापड दुमडून लावा लागते. यानं डोळ्यानं पाह्यलं आहे वं!"

"तुमच्याकडं आहे असा तंबू, काका?"

होता. शेवटचा. त्याच्या माथ्याला बायकोचं, अनुसयाचं, लग्नातलं लाल लुगडं लावलेलं होतं, तिच्या बापाने उमरेडला मागावर विणलेलं. घाईच्या वेळी तिनेच ते फाडून दिलं होतं. "माह्यापेक्षा तंबूलेच चांगलं नेसवता तुम्ही," असंही ऐकवलं होतं. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती.

"सकाळी गोदामात ये. उभा करून दाखवतो, फोटो काढ." त्या दिवशी म्हातारा बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला.

सकाळी गोदामात मुलाचे, सुशीलचे, मंडपाचे लोखंडी पाइप तेवढे होते; सुशील ते मोजत होता.

"तंबू कुठी आहे?"

"टालवाल्याले लाकडं झाकाले कापून देल्ला, बाबा. तुम्हीच त म्हटलं होतं, उंदरं होऊन राहिले, जुनं कापड काढून टाक म्हणून."

म्हटलं होतं खरं. मागच्या महिन्यात, वैतागून. आता रागावणार तरी कोणावर?

"अन् माथा?"

"शिवणीनं लई जाड होता. त्याईनं नेला नाही. तिकडं पडला आहे."

चंपतरावांनी कोपऱ्यातून तो तुकडा उचलला, झटकला. लाल रंग विटून तपकिरी झाला होता. श्वेताने मोबाइल पर्समध्ये ठेवला.

"काहून ठेवला? काढ न फोटो."

त्यांनी मूठ वळली, लुगड्याच्या गोलाखाली धरली आणि हात डोक्यावर नेला. कापड चहूबाजूंनी खाली उतरलं.

"खांब असा राह्यते," ते म्हणाले.

फोटो निघाल्यावरही त्यांनी हात खाली घेतला नाही.